खाऱ्या शेंगदाण्यांची कढई पाच महिन्यांत जातेय. दोष लोखंडाचा की मिठाचा?

भट्टीवाला (मंगळवार, रात्री १०:४०)

राम राम मंडळी. विषय जरा कळकट आहे, पण इथे बरेच कारखान्यांतले लोक आहेत म्हणून टाकतोय.

जुन्या नाशकात भद्रकालीच्या बाजूला आमची भट्टी. आजोबांपासून फुटाणे, मुरमुरे आणि खारे शेंगदाणे. फुटाणे वाळूत भाजतो, शेंगदाणे मिठात. दोन भट्ट्या शेजारी शेजारी, दोन्हीखाली गॅसचा सारखाच बर्नर, दोन्ही कढया एकाच वेल्डरकडून एकाच ६ मिमी पत्र्यातून करून घेतलेल्या. वाळूची कढई तिसऱ्या वर्षात आहे, अजून ठणठणीत. मिठाची कढई पाच महिन्यांत भोक. ही तिसरी.

पूर्वी लाकडावर काम होतं तेव्हा मिठाची कढईसुद्धा दीड-दोन वर्षं जायची. वडील म्हणतात हल्लीचं लोखंडच पाणचट. वेल्डर म्हणतो स्टेनलेस घ्या. दोघांपैकी कुणाचं ऐकू? स्टेनलेसच्या भावात आमचा सीझनचा नफा जाईल.

कोकणी_मासा (मंगळवार, रात्री १०:५८)

मीठ म्हटल्यावर गंजणारच की हो. आमच्या रत्नागिरीच्या घराचे खिडकीचे गज दर पाच वर्षांनी बदलतो. खारी हवा.

चहाटळ (मंगळवार, रात्री ११:०५)

कढई ज्याचं मीठ खाते त्यालाच बुडवते, असं दिसतंय. बाकी चालू द्या, मी चहा ठेवतो. शेंगदाणे कोण आणतंय?

निवृत्त_बॉयलर (बुधवार, सकाळी ६:१०)

कोकणी_मासा, तुमच्या गजांचं प्रकरण वेगळं. तिथे हवेतली ओल पाहिजे, मीठ त्या पाण्यात विरघळतं आणि मग गंज धरतो. पेटलेल्या भट्टीत पाण्याचा थेंब टिकत नाही. तिथे पाण्याचं काम दुसरंच कुणीतरी करतंय.

भट्टीवाले, आधी एक सांगा. कढई नेमकी कुठे खातेय? तळाला, काठाला, आतून की बाहेरून? अंदाजे सांगू नका. जुनी फुटकी कढई भंगारात दिली नसेल तर उलटी करून बघा, हाताने चाचपा.

भट्टीवाला (बुधवार, दुपारी ३:२०)

काका, कढई आहे अजून, मागच्या बोळात पडली होती. उलटी केली आणि चाट पडलो. तळ शाबूत आहे! आतली बाजू तर काळी तुळतुळीत. खाल्लंय ते बाहेरून, काठाच्या चार बोटं खाली, जिथे कढई भट्टीच्या विटांच्या कड्यावर बसते तिथे. पट्ट्यासारखं गोल रिंगण आहे. त्यातही डावीकडे जास्त, भोक तिथेच. पापडासारखे पापुद्रे सुटतात, वरून तांबूस, आतून काळे. एक पापुद्रा ठेवला होता, पावसात दोन दिवस भट्टी बंद होती तर त्याच्या खालच्या बाजूला घाम आल्यासारखी ओल.

डावीकडे का ते लक्षात आलं. बाबूराव उजव्या हाताने झारा मारतात, मीठ डाव्या काठावरून उडतं. फटीतून आत गेलं की निळी ज्योत पिवळीधम्मक होते. लहानपणी तेच बघायला मी तिथे बसायचो.

पदवीधर (बुधवार, दुपारी ४:०२)

मेकॅनिकल केलंय म्हणून बोलतो. मीठ वितळतं ८०१ अंशांना. तुमच्या कढईचा काठ काही ८०० अंशांवर जात नाही, नाहीतर शेंगदाण्यांचा कोळसा झाला असता. म्हणजे मीठ तिथे घट्ट खडाच आहे. खडा लोखंडाला काय करणार? बर्नरची ज्योत कडेला चाटतेय, तिथे लोखंड जास्त तापतं आणि जळतं, इतकी साधी गोष्ट आहे.

भट्टीवाला (बुधवार, दुपारी ४:३०)

मग वाळूच्या कढईखाली तोच बर्नर आहे त्याचं काय?

पदवीधर (बुधवार, दुपारी ४:३३)

हम्म.

रसायनी (बुधवार, रात्री ९:४५)

भट्टीवाले, तुम्ही नकळत जो प्रयोग करून बसलात तो प्रयोगशाळेत लावायला मला सहा महिने आणि दहा सह्या लागल्या असत्या. एकच पत्रा, एकच ज्योत, फरक फक्त वाळू आणि मीठ.

पदवीधर, ८०१ बरोबर, पण तो एकट्या शुद्ध मिठाचा आकडा. पॉटचं आइस्क्रीम केलंय ना कधी? बर्फात खडेमीठ टाकलं की शून्याच्या किती खाली गेलं तरी तो पातळच राहतो, पार उणे २१ पर्यंत. दोन पदार्थ एकमेकांत मिसळले की दोघांचाही वितळण्याचा आकडा घसरतो. भट्टीत हेच होतं. मीठ ८०१, पोटॅशियम क्लोराइड ७७०, पण दोन्ही मिसळली की साडेसहाशेच्या जरा वरच पातळ. आणि मिठाच्या संगतीत लोखंडाचं क्लोराइड तयार व्हायला लागलं की ते आणि मीठ मिळून पावणेचारशेच्या आसपास रस धरतात. कढईचा काठ तेवढा तापतो की नाही हे तुम्हीच सांगा.

शिवाय वितळायलाच पाहिजे असंही नाही. तापलेलं मीठ, लोखंडावरचा ऑक्साइडचा थर आणि हवेतला ऑक्सिजन यांच्या क्रियेतून थोडा क्लोरीन सुटतो. तो थराच्या बारीक भेगांतून आत शिरतो. आत लोखंडापाशी ऑक्सिजन जवळपास नसतो, म्हणून तिथे लोखंडाचं क्लोराइड बनतं. या तापमानाला त्याची वाफ बाहेर सरकते, बाहेर ऑक्सिजन भेटला की लोखंडाचं ऑक्साइड होऊन जातं आणि क्लोरीन परत मोकळा, परत आत. अडत्यासारखा आहे तो. माल इकडचा तिकडे, स्वतःचं भांडवल मात्र हातात तसंच. म्हणून चिमूटभर मीठसुद्धा किलोभर लोखंडाला पुरून उरतं. हे बाहेर जमलेलं ऑक्साइड धातूला चिकटून बसत नाही, भुसभुशीत असतं, त्याचेच तुमचे पापडासारखे पापुद्रे. खाली आलेला घाम म्हणजे तिथे अडकलेलं क्लोराइड पावसाळी हवेतली ओल ओढतंय.

लोखंडाला खरं वाचवतो तो त्याच्याच अंगावरचा ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर. वाळूच्या कढईवर तो शाबूत आहे.

सराफगल्ली (बुधवार, रात्री १०:२०)

ताई, हे वाचताना माझ्या डोक्यात आमचा टाकणखार आला. दागिन्याला डाग देताना आधी टाकणखार लावतो. तापला की काचेसारखा पातळ होतो आणि सांध्यावरचा काळेपणा गिळून टाकतो, मगच डाग पळतो. वडील म्हणायचे, खार धातूला नागडा करतो. तेच का हे?

रसायनी (बुधवार, रात्री १०:३१)

अगदी तेच! तुमचा टाकणखार दोन मिनिटं काम करतो आणि तुम्ही तो धुऊन टाकता. इथे क्षार महिनोन् महिने बसून राहतो. सोडियम सल्फेट तर यात पटाईत. ८८४ अंशांना वितळतं आणि मग संरक्षक ऑक्साइड विरघळवतं. रॅप आणि गोटो या संशोधकांनी १९८१ मध्ये मांडलं की धातूच्या बाजूला ऑक्साइड विरघळतं आणि क्षाराच्या पातळ थरातच बाहेरच्या बाजूला पुन्हा साचतं, पण सच्छिद्र होऊन. म्हणजे पांघरूण ओढून घ्यायचं आणि बदल्यात गोणपाट द्यायचं.

निवृत्त_बॉयलर (गुरुवार, सकाळी ६:०५)

आता मी जरा लांबण लावतो, पेन्शनरला माफ करा.

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात नोकरी झाली. २१० मेगावॉटच्या संचात वाफ ५४० अंशांच्या आसपास, सुपरहीटरच्या, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या नळीचा धातू त्याहून गरम. कोळशाच्या राखेत थोडे सोडियम, थोडे पोटॅशियम, आणि धुरात गंधक. यातून नळीवरच्या राखेखाली लोह आणि अल्कली यांचा एक मिश्र सल्फेट बनतो. त्यात सोडियम किंवा पोटॅशियम एकटंच असेल तर ६२० च्या आसपास वितळतो, सोडियम-पोटॅशियम दोन्ही असतील तर ५५० च्या वरच. पुस्तकातला नमुना असा की नळी धुराच्या समोर खात नाही, तर घड्याळात १० आणि २ वाजतात त्या दोन जागी खाते. तिथे चपटी होते. भट्टीवाले, म्हणूनच तुम्हाला आधी 'कुठे' विचारलं. कुठे खातंय ते कळलं की निम्मं निदान झालं.

आणखी एक गंमत. तापमान वाढवत नेलं तर हा सल्फेटचा हल्ला आधी वाढतो, सातशेच्या आसपास कळस गाठतो आणि मग कमी होतो, कारण तो क्षारच मोडतो. जगभरातली कोळशाची केंद्रं वाफेचं तापमान दशकानुदशकं ५४०-५६५ च्या पुढे नेत नव्हती, त्याच्या कारणांत हेही एक. आपल्या देशी कोळशात गंधक कमी आणि राख भरमसाट, त्यामुळे आपल्या बॉयलरांत गंजापेक्षा राखेनं घासून नळ्या जाण्याचा त्रास मोठा.

मिठाचा खरा इंगा पाहिला तो निवृत्तीनंतर, एका साखर कारखान्यात. नुसता बगॅस जाळला तर फार त्रास नाही, चिपाडातला क्लोरीन रस काढताना बराचसा धुऊन गेलेला असतो. तिथे बगॅस कमी पडला म्हणून उसाचं पाचट आणि मिळेल तो भुसा घालायला लागले. पाचटात पोटॅश आणि क्लोरीन दोन्ही मुबलक. ज्योतीत त्यांची वाफ होते आणि त्यातल्या त्यात थंड जागा बघून बसते, म्हणजे नळीवर. हिवाळ्यात काचेवर दव बसतं तसं. भट्टीवाले, तुमची पिवळी ज्योत म्हणजे मिठाची अशीच वाफ. सुपरहीटरवर पांढरट, काचेसारखा थर होता, हातोडीने टकटक केल्यावर नळीच्या पापुद्र्यासकट खाली आला. मी त्यांना म्हटलं सूट ब्लोअर (नळ्यांवरची राख झोताने उडवतात तो) नीट चालवा, इंधन मिसळताना हात आखडा. ते म्हणाले जाड नळ्या मागवल्यात. जाड नळी म्हणजे आतून वाफ तेवढीच, बाहेरून पृष्ठभाग आणखी गरम. पुढच्या गळीत हंगामात परत बोलावणं आलं.

कचरा जाळून वीज करणारे प्रकल्प वाफ ४०० अंशांच्या आसपासच ठेवतात ते याच भीतीने. वीज कमी मिळाली तरी चालेल, नळ्या टिकू देत.

अंबडकर (गुरुवार, दुपारी १:१५)

काकांना दंडवत. माझं उलट आहे, आम्ही मिठातच पोहतो. पोलाद तापवून कडक करायच्या, हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये सॉल्ट बाथ आहेत, म्हणजे वितळलेल्या मिठाच्या टाक्या. सोडियम आणि पोटॅशियम क्लोराइड निम्मं निम्मं, ८५० अंशांना लालभडक पातळ. हायस्पीड टूलसाठी बेरियम क्लोराइडचा बाथ, तो आणखी गरम, बाराशेच्या आसपास.

आता सांगा, असल्या बाथमध्ये थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजायची नळी कुठून तुटत असेल? बुडालेल्या टोकाकडून? चूक. जिथे मिठाची पातळी आणि हवा भेटते त्या रेषेवर खाच पडते आणि तिथेच मोडते. बुडालेला भाग ब्रश मारल्यावर जवळजवळ नव्यासारखा निघतो. नवीन पोरगा लागला की मी त्याला मोडलेली नळी हातात देतो आणि विचारतो. आजवर एकानेच बरोबर सांगितलं, आणि तो सांगलीचा होता. (सांगलीकरांनी खूश होऊ नये, तो नंतर सोडून गेला.)

कारण रसायनीताईंनी सांगितलंच. खोल मिठात ऑक्सिजन पोचत नाही. पातळ थर असला की हवाही मिळते आणि मीठही. तुमच्या कढईच्या पोटात मणभर मीठ आहे तिथे काही नाही, आणि फटीत सांडलेलं चमचाभर भोक पाडतंय.

पदवीधर (गुरुवार, दुपारी १:४०)

आतली बाजू ज्योतीपासून लांब आहे, शेंगदाणे आणि मीठ सतत हलतंय, त्यामुळे तिथे तापमानही कमी. नुसतं ऑक्सिजनचं श्रेय नको. पण रिंगणाबद्दल माझं म्हणणं मागे घेतो.

ओझरकर (गुरुवार, रात्री ८:५०)

थोडं अवांतर. ओझरला सुखोई लढाऊ विमानं जुळतात, त्यांची इंजिनं ओडिशातल्या कोरापूटची. जेट इंजिनवाले या रोगाला फार घाबरतात. १९६० च्या दशकाच्या शेवटी व्हिएतनाम युद्धात समुद्रावर आणि किनाऱ्यालगत उडणाऱ्या विमानांच्या टर्बाइन पात्यांना याने खाल्लं, तेव्हा या विषयाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. समुद्राच्या तुषारांतलं मीठ आणि इंधनातलं गंधक मिळून सोडियम सल्फेट, ते पात्यावर बसणार. त्याचे दोन प्रकार मानतात. एक साधारण ८५० ते ९५० अंशांत, क्षार वितळलेला असताना. दुसरा ६५० ते ८०० मध्ये, जिथे सोडियम सल्फेट एकटं वितळायलाच नको. पण कोबाल्टचं सल्फेट मिसळलं की ५६५ लाच पातळ. ताईंचं पॉटचं आइस्क्रीमच.

उपाय काय, तर क्रोमियम-ॲल्युमिनियमचे लेप, आणि किनाऱ्यावरच्या विमानांचं इंजिन शुद्ध पाण्याने धुणं. धुणं हा उपाय ऐकायला फालतू वाटतो, पण तो सगळ्यांत स्वस्त आहे.

भट्टीवाला (शुक्रवार, सकाळी ११:००)

सगळ्यांचे आभार, एवढं शिकायला मिळेल वाटलं नव्हतं. मग स्टेनलेसचं काय ठरवू? एक सांगायचं राहिलं. बर्नरची जाळी स्टेनलेस ३०४ चीच आहे आणि तीही खडबडीत होऊन झडतेय. काल पाण्यात भिजवून घासली तर पाणी लिंबाच्या सरबतासारखं पिवळं झालं. गंजाचं पाणी तर तांबडं असतं ना?

रसायनी (शुक्रवार, सकाळी ११:२५)

थांबा. ते पाणी हाताने ढवळू नका, हातमोजे घाला, मोरीत ओतू नका, आणि भट्टीच्या आसपास त्या जाळीची भुकटी उडवू नका.

स्टेनलेसची सगळी भिस्त त्याच्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या थरावर. मिठाबरोबर ६०० च्या आसपास, मीठ वितळायच्याही आत, त्या क्रोमियमचा सोडियम क्रोमेट होतो. तो पिवळा आणि पाण्यात विरघळणारा. म्हणजे तुमच्या जाळीची ढाल सरबत होऊन निघून गेली. आणि हा क्रोमेट विषारी आहे, कर्करोगाशी संबंध असलेलं क्रोमियम. त्यामुळे खाण्याच्या कढईला स्टेनलेसचा विचार मी तरी करणार नाही. कढई साधी लोखंडीच ठेवा. पाणी एका बरणीत बंद करून ठेवा, आमच्या प्रयोगशाळेत विल्हेवाट लावते, निरोप पाठवा.

अंबडकर (शुक्रवार, सकाळी ११:५०)

ताईंशी सहमत. ३१० जातीचं स्टेनलेस घ्या म्हणणारेही भेटतील, त्यात क्रोमियम २५ टक्के आणि निकेल २०. उष्णतेला छान, पण मिठाच्या वाफेत त्यालाही सवलत नाही. पैसे फटीवर घालवा, पोलादावर नको.

निवृत्त_बॉयलर (शुक्रवार, दुपारी १२:३०)

मला अजून एक कोडं आहे. लाकडाच्या भट्टीवर दीड-दोन वर्षं कशी जायची? लाकडाच्या राखेत उलट पोटॅश जास्त. वडिलांना विचारा, तेव्हा फट कशी होती?

भट्टीवाला (शुक्रवार, रात्री १०:१५)

काका, वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, "फट कुठली? तुझी आजी रोज पहाटे लिंपायची की." कढई बसवली की काठाभोवती मातीचं लिंपण, संध्याकाळी काढायचं आणि उद्या नवीन. धूर डोळ्यांत जाऊ नये म्हणून. गॅस आल्यावर धूर गेला, लिंपणही गेलं. मीठ कढईवर न पडता मातीवर पडायचं आणि रोज मातीबरोबर उकिरड्यावर.

उद्यापासून मीच लिंपतो म्हटलं.

निवृत्त_बॉयलर (शुक्रवार, रात्री १०:२२)

अहो थांबा! गॅसच्या बर्नरचा धूर आता त्याच फटीतून बाहेर पडतोय ना? सगळीकडून बंद केलंत तर ज्योत गुदमरेल, कार्बन मोनॉक्साइड होईल. आधी मागच्या बाजूने धुराला वाट काढा, मग पुढून बंद करा.

अंबडकर (शुक्रवार, रात्री १०:४०)

सातपूरला माझ्या ओळखीचा एक फॅब्रिकेटर आहे. कढईच्या काठाला बाहेरून खाली वळलेली पत्र्याची झालर मारून देईल, छत्रीसारखी. सांडलेलं मीठ झालरीवरून बाहेर जाईल. विटांच्या कड्यावर सिरॅमिकची दोरी बसवा, आणि मागे चार इंची धुराडं. खर्च एका कढईहून कमी. आणि रोज भट्टी थंड झाल्यावर तारेच्या ब्रशने रिंगण झाडायचं. दोन मिनिटांचं काम.

चहाटळ (शुक्रवार, रात्री ११:००)

चार दिवस धागा वाचून माझा चहा चार वेळा गार झाला. शेंगदाण्यांचं अजून कुणी बोलत नाही.

भट्टीवाला (सात महिन्यांनंतर, रविवार, सकाळी ९:३०)

धागा वर काढतोय. झालर, दोरी आणि धुराडं करून नवी कढई चढवली होती. परवा अंबडकरांनी जाडी मोजायचं यंत्र आणलं. तळाला ५.८ मिमी, रिंगणात ५.१. एका जागी, डावीकडेच, ४.७. जुन्या कढईला इतक्या दिवसांत भोक पडून दोन महिने झाले असते.

स्टेनलेसची जाळी काढून बिडाचा बर्नर बसवला. तोही खातोय, पण हळू, आणि पाणी पिवळं होत नाही. ज्योत अजून अधूनमधून पिवळी होते, म्हणजे कुठूनतरी मीठ जातंच आहे. बहुतेक दोरी दबलीय, ती या आठवड्यात बदलतो.

बाबूरावांना म्हटलं एक महिना डाव्या हाताने झारा मारून बघा, रिंगण सरकतं का ते कळेल. त्यांनी झारा माझ्याच हातात दिला. चहाटळ, तुमचे शेंगदाणे पाव किलो बांधून ठेवलेत, भद्रकालीला या.